सतरा पाचे पंच्याऐंशी

दिनांक ९, सोमवार
दुपारची जेवणाची सुट्टी

प्रिय दादा,

तीर्थरूप वगैरे लिहिणार होते, पण तू माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, आणि तीर्थरूप दिसायला निदान थोडं टक्कल तरी पडलेलं हवं. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असणारच, कारण रोज सकाळी आठला तुझा फोन येतो, तू "घेतलीस का?" विचारतोस, मी "घेतली" म्हणते आणि तू ठेवून देतोस. सात वर्षं आपण एवढंच बोलतोय. म्हणून हे पाकीट बघून घाबरू नकोस. मी धड आहे. आईही धड आहे, गुडघ्याची कुरकुर सोडली तर. ती कुरकुर थांबली तर मात्र मला काळजी वाटेल.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू पळ काढतोस. शिवाय मला तुझ्याकडून एक कागद हवाय, लेखी. कशाला ते सांगते. जरा लांबण लागेल. मध्येच उठेन, परत बसेन, तुला माहीत आहे माझं बूड किती वेळ टेकतं ते. अक्षर हलतंय तिकडे बघू नकोस. नाही, बघच. त्याचंच तर सांगायचंय.

आधी कामाचं. चष्म्याच्या दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये मी फिटिंगला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांना सांगून टाकलं होतं की मला फिट येते. लपवलं आणि फिरत्या चाकावरच पडले तर काय घ्या. मास्तर म्हणाले, "फिट येणारी फिटिंगला. मग बरोबर जागी आलीस की." दुसऱ्या दिवशी बघते तर काच घासायच्या चाकाचं बटण त्यांनी हाताजवळून काढून पायाखाली बसवलं होतं. पाय दाबलेला असेल तोवरच चाक फिरणार. मी पडले तर पाय सुटेल आणि चाक आपोआप थांबेल. ना भाषण, ना उपकाराची भाषा. असा माणूस आहे तो.

तर अशा माणसासमोर मी गेल्या दोन महिन्यांत पाच काचा फोडल्या. त्यातल्या तीन बिनफ्रेमच्या चष्म्यांच्या. त्यात काचेलाच बारीक भोक पाडून दांडी बसवायची असते. हात जवभर हलला तरी काच तडकते, आणि माझा हात हलतो. तो गुलाबी गोळीने हलतो. पांढरी गोळी लहानपणापासूनची, तिचा काही त्रास नाही. गुलाबी नंतर आली आणि माझ्या हातात आणि जिभेत येऊन राहिली. परवा मला "स्क्रू" हा शब्द आठवेना. दिवसातून दोनशे स्क्रू पिळते मी. मास्तरांना म्हणाले, ते द्या ना, ते गोल फिरतं ते, बारकं. त्यांनी डबी पुढे केली, आणि मला इतकं रडू आलं की पाण्याच्या निमित्ताने उठून बाहेर गेले.

मालक म्हणतायत, पुढच्या महिन्यापासून हिला काउंटरवर बसवा. काउंटरवर बसायचं म्हणजे दिवसभर लोकांना "छान दिसतंय" म्हणायचं. दादा, मी खरं बोलून जाईन आणि दुकान बंद पडेल. हसण्यावारी नेतेय खरी, पण मला दुसरं काही येत नाही. जे येतं ते हेच, आणि ते मला फार चांगलं येतं. येत होतं.

आता डॉक्टरांचं. आपले जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांना सवय अशी की फाइल पहिल्या पानापासून वाचायची. वाचता वाचता थांबल्या आणि विचारलं, ही दुसरी गोळी कशासाठी सुरू केली? पांढरीवर तर तुम्ही दीड वर्ष अगदी बऱ्या होतात. मी पाहिलं. फाइलमध्ये एकच ओळ आहे: "अंघोळ करताना झटका. भावाने पाहिला." बस्स. त्या ओळीवर गुलाबी सुरू झाली आणि तेव्हापासून सात वर्षं एकही फिट नाही.

बाई म्हणाल्या, तो झटका खरा असेल तर गुलाबी तिचं काम करतेय आणि आपण तिला हात लावायचा नाही. तो झटका नसेलच, तर ती हळूहळू, काही महिने घेऊन, कमी करून बघता येईल. म्हणून ज्याने पाहिलं त्याच्याकडून लिहून आणा. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठे वळली, हात कुठला उडत होता, किती वेळ चाललं. तारीख अठ्ठावीसची दिलीय.

तर हा कागद हवाय. तेवढाच. सुट्टी संपली.

मंगळवार, त्याच सुट्टीत

तेवढाच नाही.

काल पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी तुझा फोन आला, तू "घेतलीस का" म्हणालास, आणि मी पहिल्यांदाच दोन सेकंद उत्तर दिलं नाही. तुझा श्वास अडकलेला ऐकू आला मला. मग म्हटलं, घेतली बाबा, घेतली.

दादा, ते पाढे आठवतात ना तुला? न विसरण्यासारखंच होतं म्हणा. न्हाणीघराची कडी लावायची नाही, गाऊन घालूनच अंघोळ करायची, आणि आत असेपर्यंत सतत मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे आवाज थांबला की बाहेरच्याला कळेल. इतर घरांत गाणं म्हणायला सांगितलं असतं. आपल्या बाबांचं म्हणणं, गाण्याचा उपयोग काय, पाढे म्हण. बेपासून तीसपर्यंत. मी वीस वर्षांची घोडी, आणि रोज सकाळी खिडकीतून साऱ्या इमारतीला माझे पाढे. खालच्या मजल्यावरच्या पोरांचं गणित माझ्यामुळे सुधारलं असं त्यांची आई खुशाल सांगायची. अंघोळीला उशीर झाला की जिन्यात कुणीतरी विचारायचं, काय गं, आज एकोणतीसचा राहिला वाटतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि दाराबाहेर तू. पाट टाकून, वर्तमानपत्र घेऊन. बाबांना ऐकू कमी यायचं, आई कामात, म्हणून ते तुझं काम. रोज वीस मिनिटं, कितीतरी वर्षं. तू एकदाही कटकट केली नाहीस. केली असतीस तर बरं झालं असतं.

आता लिहितेच. त्या दिवशी मला फिट आली नव्हती. मी मुद्दाम थांबले होते.

त्या गुरुवारी तुझी कारखान्यातल्या नोकरीसाठी ट्रेड टेस्ट होती. लेथवर तुझा हात कसा चालतो ते मी पाहिलं होतं, तू पास होणार हे सगळ्यांना माहीत होतं. पास झालास की दुसऱ्या गावी जाणार, खोलीसुद्धा बघून ठेवली होतीस. घरात आठवडाभर तोच विषय. तू गेल्यावर दाराशी कोण बसणार, हे कुणाच्याच तोंडून निघालं नाही, तुझ्याही नाही. मला राग आला होता. राग कसला, भीती वाटत होती, पण भीती म्हणायची लाज वाटते म्हणून तेव्हा राग म्हटलं. म्हटलं, बघू तरी, मी गप्प झाले तर हा किती वेळात येतो.

"सतरा पाचे पंच्याऐंशी" म्हटलं आणि तोंड मिटून घेतलं. मनात आकडे मोजत होते. बावीसपर्यंत मोजलेलं आठवतं. मग दार धाडकन उघडलं, साबणाच्या पाण्यावरून तुझा पाय गेला, आणि भिंतीवर तुझा हात आपटला तो आवाज. तो आवाज मी कुणालाच सांगू शकत नाही. पुढचं आठवतं ते एकदम बाबांचा टॉवेल माझ्या डोक्यावर, आणि बाबा विचारतायत, "आली होती का?" तू खाली बसला होतास, मनगट पोटाशी धरून. तू म्हणालास, "हो. आली होती."

मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून चाललंय.

टेस्ट हुकली. पुढच्या वर्षी वय उलटून गेलं. ज्याने लेथवर उभं राहायचं तो परगावी गोदामात खोकी लावतोय. आणि चार दिवसांनी डॉक्टरांनी गुलाबी लिहून दिली, तेव्हा मला, खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, घ्यावी. तुझा हात मोडला, माझा हलला, फिट्टंफाट. सात वर्षं रोज दोनदा मी ती गोळी नाही, शिक्षा घेतेय. आता मला ती शिक्षा पुरे वाटतेय, म्हणून बोलतेय, हेही लक्षात घे. मी काही एकाएकी सज्जन झाले नाही.

बुधवार. आज काम कमी आहे

इथपर्यंतच असतं तर मी पत्र न लिहिता सरळ तुझ्या पायावर येऊन पडले असते. पण अजून एक भानगड आहे, आणि मला झोप लागत नाही ती तिच्यामुळे.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हटलं, बाई, फिट नव्हतीच, मीच थांबले. मला वाटलं त्या रागावतील नाहीतर हसतील. त्या दोन्ही करेनात. शांतपणे म्हणाल्या, "असं पुष्कळांना वाटतं. काही सेकंद निसटून जातात, आणि नंतर मन त्यांना कारण शोधून देतं. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण याबाबतीत तुमची साक्ष मला धरता येत नाही."

घरी येईपर्यंत मी हसत होते. मग हसू थांबलं. बावीस आकडे, तो आवाज, आणि मग एकदम टॉवेल. मधलं कुठे गेलं? बाबांना मागच्या खोलीतून यायला निदान एक मिनिट लागलं असेल. त्या मिनिटात मी काय करत होते? मला काही म्हणजे काही आठवत नाही. घाबरून गेले असेन म्हणून नाही आठवत, की मी तिथे नव्हतेच? मी थांबले आणि मग गेले, की गेले म्हणून थांबले आणि "मुद्दाम" हा शब्द नंतर आणून चिकटवला?

तुला कल्पना नाही हे काय असतं. शाळेच्या मैदानावर पडले ते साऱ्या वर्गाने पाहिलं. दवाखान्याच्या रांगेत पडले तेव्हा कुणा शहाण्याने दातात चमचा घातला, त्याने माझ्या दाताचा टवका उडाला, तो क्षणही पन्नास जणांनी पाहिला. मी जागी होते ती जीभ चावलेली, कपडे ओले आणि वर गोल करून वाकलेली तोंडं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या गोष्टी मी सोडून सगळ्यांनी पाहिल्यात. एकच गोष्ट होती जी मी स्वतः केली होती, आतून, ठरवून. वाईट होती, पण माझी होती. तीसुद्धा आता बाईंनी काढून घेतली. दादा, निदान गुन्हा तरी माझा असू दे रे.

काल संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, तुझा दादा म्हणाला ना आली होती, मग आली होती. तुझा शब्द म्हणजे या घरात दगडावरची रेघ.

आणि त्या शब्दावरच माझं मन अडकलंय. पडण्याआधी तू माझ्याकडे पाहिलंस असं मला वाटतं. आठवतं म्हणायचा मला हक्क उरला नाही, म्हणून वाटतं म्हणते. पाहिलं असशील, तर माझे डोळे कसे होते ते तुला ठाऊक आहे. ते उघडे असतील, मी शुद्धीवर असेन, आणि तरी तू बाबांना "आली होती" म्हणाला असशील, तर तू मला वाचवायला खोटं बोललास. तसं असेल तर तुझे उपकार मानू की तुझ्या झिंज्या उपटू हे मला कळत नाही. कारण मग सात वर्षं रोज सकाळी आठ वाजता फोन करून तू मला कुठली गोळी घ्यायला लावत होतास?

रागाने लिहिलंय. खोडणार नाही.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आता ओरडणारं कुणी नाही आणि मला वाचवायची गरज नाही. तू जे पाहिलंस तेच लिही. फिट पाहिली असशील तर तसं लिही, मी गुलाबी घेईन, काउंटरवर बसेन आणि आल्यागेल्याला छान दिसतंय म्हणेन, शप्पथ. आणि नसशील पाहिली तर तेही लिही. मला बरं वाटेल असं मात्र काही लिहू नकोस. तू आयुष्यभर तेवढंच केलंस आणि त्यात आपण दोघंही बुडालो.

आईचा आशीर्वाद. गोदामात धूळ असते, तोंडाला रुमाल बांधत जा म्हणतेय.

उत्तराची वाट बघणं मला जमत नाही हे माहीत असलेला जगात एकटाच जो तू, त्या तुझी,
भिंगरी



दिनांक १९, गुरुवार

प्रिय भिंगरी,

पत्र मिळून तीन दिवस झाले. खिशात घेऊन फिरतोय. रोज आठला फोन केला आणि रोज तेच विचारलं, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. तू एकदाही पत्राचा विषय काढला नाहीस. तुला एवढं थांबता येतं हे मला माहीत नव्हतं.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. सरळ सांगतो.

तुला फिट आली नव्हती. मी दार उघडलं तेव्हा तू स्टुलावर बसली होतीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "आलास?" एवढंच. चेहऱ्यावर हसू होतं. मग मी पडलो आणि तुझं हसू गेलं. तू मला उठवायला हात पुढे केलास तो मी झटकला. नंतर तू भिंतीकडे तोंड करून थरथरत बसलीस. ती फिट नव्हती, भीती होती. मला दोन्हीतला फरक कळतो. तेवढी वर्षं दाराशी काढली होती मी.

मग खोटं का बोललो. तू लिहिलंस, तुला वाचवायला. तसं असतं तर मी आजवर कधीच सांगून मोकळा झालो असतो. बाबा फार तर चार शब्द बोलले असते तुला. तुला वाचवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मनगट मोडल्याचं मला पडल्या पडल्याच कळलं होतं. गुरुवार गेला हेही कळलं. तो हात थट्टेत मोडला, हे मला सहनच होईना. बहिणीसाठी मोडला असं झालं असतं तर काहीतरी अर्थ होता. बाबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. पुढे येणारा जाणारा माझी पाठ थोपटायला लागला, भाऊ असावा तर असा. प्लास्टर निघेपर्यंत मी त्यावरच जगलो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मीच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. गुलाबी आली तेव्हा मनाशी म्हणालो, एक गोळी जास्तीची, बिघडतंय काय. तुझा हात हलायला लागला तेव्हा बोलायला हवं होतं. तोवर बाबा चारचौघांत माझं उदाहरण द्यायला लागले होते.

फोन रोज करायचो तो हे सांगायला. तुझा आवाज ऐकला की "घेतलीस का" एवढंच बाहेर यायचं. उत्तर "नाही" आलं असतं तर मी काय म्हणालो असतो, कोण जाणे.

तुझी साक्ष धरता येत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना माझं नाव सांग. तुला सगळं बरोबर आठवतंय. थांबलीस ती तूच. जे आठवत नाही ते भीतीने गेलं असेल, किंवा तुला माझ्याकडे बघवलं नसेल. तो कागद सोबत ठेवला आहे. अठ्ठावीसला मी स्वतः येतोय, बाईंनी समोर विचारलं तर समोर सांगेन. आईलाही मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. तोवर दोन्ही गोळ्या चालू ठेव. आपल्या मनाने अर्धीसुद्धा सोडू नकोस, ते भलतंच महागात पडतं. हे मी फोन करणारा म्हणून नाही, भाऊ म्हणून सांगतोय.

माफी मागायला शब्द सापडत नाहीत, आणि माझ्याकडे तर गोळीचं निमित्तही नाही. आलो की झिंज्या उपट.

दादा

(सोबतचा कागद)

लिहून देतो की, मी रुग्णाचा सख्खा मोठा भाऊ असून, सात वर्षांपूर्वीच्या ज्या घटनेची नोंद आपल्या फाइलमध्ये "भावाने पाहिला" अशी आहे, तो भाऊ मीच. मी न्हाणीघरात गेलो तेव्हा रुग्ण स्टुलावर ताठ बसलेली होती. डोळे उघडे होते. मान सरळ होती. हातपाय स्थिर होते. तिने मला ओळखले व ती माझ्याशी स्पष्ट बोलली. त्यानंतर मी घसरून पडलो व तिने मला उठवण्यासाठी हात पुढे केला. तिला झटका आला नव्हता. झटका आल्याचे मी वडिलांना व डॉक्टरांना सांगितले, ते खोटे होते. खोटे मी बोललो, गोळ्या तिने घेतल्या.

हे मी कोणाच्याही दबावाखाली नसताना, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून दिले आहे. ती त्या दिवशी होती तसाच.

(सही)
रुग्णाचा भाऊ